भिंतीवरची हजेरी

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. बदलापूरला शिरगावात आमची सोसायटी तेव्हा नवी होती. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. सकाळी दूध आणायला निघालो, तर जिन्याच्या वळणावर एक बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

"शिक्षा झालीय का बाई?" मी गमतीनं विचारलं.

"नाही हो. हजेरी घेतेय," त्या मागे न वळता म्हणाल्या.

जिन्यातल्या ट्यूबलाइटला भुलून आलेले पतंग भिंतीवर पंख पसरून बसले होते. सुकलेल्या पानासारखा एक, खडूच्या भुकटीसारखा एक. बाई प्रत्येकापाशी थांबून बघत होत्या.

उल्हासनगरच्या एका शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहायच्या. होळीच्या सुमारास भिंतीवर एखाददुसराच मातकट पतंग असे. "आज सगळे गावाला गेलेत," म्हणायच्या. पावसाळ्यात भिंत भरून गेली की खूश. "पट वाढला, सेक्रेटरीसाहेब!" एकदा फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा पतंग आला. हा खातो काय, असं मी विचारलं. "काही नाही. याला खायला तोंडच नसतं. पाणीसुद्धा न घेता जाणारा पाहुणा." वर्गातला आपला एक नियमही त्यांनी सांगितला होता. "हळू आवाजातला 'हजर' मी धरत नसे. सगळ्या वर्गाला ऐकू गेला पाहिजे."

सोसायटीचा सेक्रेटरी मी. बाग करायची हौसही माझीच. एका वर्षी गणपतीनंतर उल्हासनगरच्या नर्सरीतून टेम्पोभर माती आणि कुंड्या आणल्या. "फर्स्ट क्लास माल है, साईं," नर्सरीवाला म्हणाला होता. बाईंनी खाली येऊन मूठभर माती चिमटीनं चाळली. आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे.

"ही गोगलगाईची अंडी आहेत. माती आधी उन्हात पसरा."

"खताचे दाणे आहेत ते, बाई," मी म्हणालो. "तुम्हाला जिथे तिथे जीवच दिसतात!" आजूबाजूला कोणी नव्हतं. आम्ही दोघंच हसलो. माती मी तशीच टाकून घेतली.

उन्हाळ्यात बाईंना कुंडीमागे दोन मोठ्या गोगलगाई सापडल्या. त्यांनी त्या बरणीत ठेवल्या. "मेल्या नाहीत. तोंडावर पडदा ओढून झोपल्यात. पाऊस आला की उठतील."

उठल्या. पण त्या दोनच नव्हेत. कंपाउंडची भिंत, जिना, दारं, सगळीकडे चकचकीत ओघळ. लोकांच्या कुंड्यांमधल्या तुळशी गोगलगाईंनी खाऊन संपवल्या. पार्किंगमध्ये मीटिंग भरली.

"यांनीच पाळल्यात," पाटीलवहिनी बाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बरणीत ठेवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाळायच्या कशाला?" एकानं विचारलं.

"त्यांच्यात चालत असेल," मागून कोणीतरी बोललं.

कोणी हसलं, कोणी खाली पाहिलं. बाईंच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती. 'त्यांच्यात' म्हणजे कोणात, ते सगळ्यांना समजलं होतं.

बाईंनी बोलणाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर येत असलेल्या मुलाकडे बाई पाहतात तसं, न रागावता, वाट बघत. माती मी आणली, एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "बाई, बरणी तेवढी टाकून द्या. विषय मिटवून टाकू."

त्या उठल्या. माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, असलात तर 'हजर' म्हणावं माणसानं."

दिवाळीच्या आत घर विकून त्या अंबरनाथ पूर्वेला भाचीकडे गेल्या. मी एकदा भेटायला गेलो, चूक कबूल करायचं ठरवून. त्यांनी चहा दिला. मीटिंगचा विषय काढला नाही. "भिंतीवर हल्ली कोण कोण येतं?" विचारलं. मी बघत नसल्याचं सांगितलं. "बघत जा," म्हणाल्या. मी चहा संपवून उठलो. पुढच्याच वर्षी त्या गेल्याचं कळलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या वळणावर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मागे कोणीतरी श्वास धरून उभं आहे, असं वाटतं. वळून पाहायचं धाडस होत नाही. दर पावसाळ्यात गोगलगाई येतात, माझ्या मातीतल्या, आणि जिना चढत बाईंच्या जुन्या दारापर्यंत जातात. नवे भाडेकरू विचारतात, तेव्हा लोक सांगतात, "पूर्वी एक गोगलगायवाली बाई राहायची, तिनं आणल्या." मी तिथेच उभा असतो.

एकदा जिन्यात कोणी नाही असं पाहून मी भिंतीला 'हजर' म्हणालो. पण हळू म्हटलेलं त्या धरत नसत.

म्हणून हे छापायला देतोय. ती माती मी आणली होती. बाईंनी मला आधीच सांगितलं होतं.

हजर, बाई.