व्याह्यांचं आमंत्रण आणि माझा जागरूक तक्ता

सांगावं की गिळून टाकावं, या विचारात समोरचा चहा गार झाला बघा. पण तुम्ही मंडळी घरचीच. हसा, फक्त जरा हळू हसा. अहो, ज्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच कॉटवर, जिवंतपणी निरोप दिला गेला, त्याची काय अवस्था झाली असेल?

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. डॉक्टरेट आहे. ती माझ्याकडे चुकून आली असावी, असं मला अजून वाटतं. बँकेत सही करताना ही सही माझीच ना, अशी शंका येते, आणि त्या शंकेनेच ती वेगळी येते. मग बँकेतला माणूस मला परत पाठवतो. असा मी.

आमचं मूळ गाव उचगावच्या पलीकडे. तिथली लक्ष्मी यात्रा, म्हणजे गावदेवीची जत्रा, दर काही वर्षांनी भरते. मग काय विचारता! घरटी मांडव, घरटी चुली, आणि पाहुण्यांचे पाहुणेसुद्धा जेवून जातात. या गर्दीत एक माणूस मात्र मोजून मापून बोलवावा लागतो. तो म्हणजे व्याही. त्याला घरच्या कर्त्याने स्वतः बोलवायचं असतं.

मागच्या यात्रेला मी काय केलं? मुलगीच सासरहून येणार होती, म्हणून तिच्याकडेच सांगून टाकलं, ‘सासऱ्यांनाही घेऊन ये गं.’

झालं! निपाणीचे आप्पासाहेब, तंबाखूची वखार सांभाळलेला माणूस. खोकला तरी चौकात ऐकू जातो. ते आले नाहीतच, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं एका अक्षरावर आलं. ‘हं.’

मी म्हणायचो, “तब्येत बरी ना?”

“हं.”

“पाऊस झाला का तिकडे?”

“हं.”

मधल्यामध्ये आमच्या मुलीची, नीताची, फरफट. ती आणि जावई नोकरीसाठी पुण्यात, पण सणावाराला निपाणीला जावंच लागतं. यंदा तिने फोनवर बजावलं, “बाबा, या वेळी त्यांना नीट बोलवा. नाहीतर मी यात्रेला येणार नाही. दोन्हीकडची तोंडं बघत जेवण जात नाही मला.”

मी घाबरलो. विसरलो तर? विसरलो नाही पण विसरलो असं वाटून दोनदा बोलावलं तर? तेही वाईटच. सौ. म्हणाली, “अहो, एक फोन करा की! त्यात काय आहे?”

त्यात काय आहे? आवाज कापतो, ते आहे! त्यापेक्षा लेखी बरं.

म्हणून मी संगणकावर स्प्रेडशीटमध्ये पाहुण्यांचा तक्ता केला आणि त्याच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तुम्हाला समजेल असं सांगतो. तक्त्याला चाहूल लागते. तुम्ही एखाद्या चौकटीत काही लिहिलं की तक्ता मनाशी म्हणतो, ‘अरे, बदल झाला!’ याला इव्हेंट म्हणतात. मग पोटातला प्रोग्रॅम जागा होतो आणि सांगून ठेवलेलं काम करतो. मी त्याला सांगितलं होतं, कुठल्याही ओळीत बदल झाला की त्या ओळीतल्या पाहुण्याला मोबाइलवर संदेश पाठव. माझ्याच नंबरावरून संदेश पाठवणारी सेवा आगाऊ पैसे भरून घेतली होती. सगळं करून बघितलं, स्वतःच्या नंबरावर पाठवून बघितलं. चोख!

इथेच थांबायचं की नाही? पण मग मी कसला मी!

मनात आलं, संदेश गेला की नाही हे आपल्याला कळणार कसं? पुन्हा पाठवला तर? म्हणून प्रोग्रॅममध्ये आणखी एक ओळ घातली. संदेश पाठवून झाला की त्याच ओळीतल्या शेवटच्या चौकटीत ‘पाठवला’ असं लिही. का, तर व्याह्यांना दोनदा आमंत्रण जाऊ नये!

आता पुढचं ऐका. सौ. त्या दिवशी सकाळीच गावी गेली होती, यात्रेची चटणी कांडून आणायला. घरात मी एकटा. मानाचे म्हणून आप्पासाहेबांना पहिल्याच ओळीत बसवलं होतं. त्यांचा नंबर टाकला. तक्त्याला चाहूल लागली, संदेश गेला. ‘आपण सहकुटुंब अवश्य यावे. वाट पाहत आहोत.’ एका संदेशात मराठी अक्षरं फार बसत नाहीत, म्हणून यात्रेचा तपशील दुसऱ्या संदेशात ठेवला होता. त्या दुसऱ्याची पाळी आलीच नाही.

कारण प्रोग्रॅमने चौकटीत लिहिलं, ‘पाठवला’. आणि तक्ता म्हणाला, ‘अरे, बदल झाला!’

आलं लक्षात? लिहिणारा मी आहे की त्याच्याच पोटातला प्रोग्रॅम आहे, याचं त्याला काय! पुन्हा संदेश. पुन्हा ‘पाठवला’. पुन्हा बदल. स्वतःच्याच काठीच्या आवाजाने दचकून शिट्टी फुंकणारा गुरखा बघितलाय कधी? तसा तो फुंकत सुटला. आणि बदल होतोय तो त्याच ओळीत, म्हणजे दर वेळी संदेश कुणाला? आप्पासाहेबांना! अवश्य यावे, अवश्य यावे, अवश्य यावे!

पडदा गोठला. माउस हलेना. मी “अरे थांब, अरे थांब!” असं संगणकाला मोठ्याने म्हणालो. शेवटी भिंतीतली पिनच उपटली.

तेव्हा तरी फोन करायचा. पण आतला प्राध्यापक जागा झाला. चूक कळली होती ना! उपायही माहीत होता. प्रोग्रॅम लिहीत असेपर्यंत तक्त्याचे कान बंद ठेवायचे, लिहून झालं की उघडायचे. त्यासाठी एक ओळ पुरते. संगणक पुन्हा चालू करून ती ओळ घातली आणि संदेशही बदलला. ‘चुकलंमाकलं मोठ्या मनाने माफ करावे. यापुढे त्रास होणार नाही.’ नंबर पुन्हा टाकला. म्हटलं, एकच जाईल, सभ्यपणे जाईल.

कान बंद करायची ओळ मी ‘पाठवला’ लिहिण्याच्या आधी घालायची, ती नंतर घातली.

अहो, डॉक्टरेट!

माफीवर माफी जात राहिली, आणि या वेळी पिन उपटायलाही हात उठेना. संदेशांसाठी भरलेले पैसे संपले तेव्हाच ते थांबलं. मी कपाळाला हात लावून बसलो, तोच माझा फोन वाजला. पडद्यावर नाव, आप्पासाहेब. मी तो फोन असा बघत राहिलो, जसा साप बघावा. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. मी उशीखाली ठेवला. उशीखालून वाजला. त्यांनी सौ.लाही लावला असणार, पण तिचा फोन पिशवीत, आणि ती चटणी कांडणाऱ्या डंकाच्या यंत्राशेजारी. तिथे तोफ उडाली तरी ऐकू येत नाही.

डोकं भणभणायला लागलं. कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली, अंगावर चादर ओढली आणि कॉटवर पडलो. सौ. येणार म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दारात गाडी थांबली. आणि तो आवाज आला.

“सर! ओ सर! हायसा न्हवं?”

निपाणीहून थेट! मला दरदरून घाम फुटला. कडी वाजली, पावलं आत आली. आता तोंड कसं दाखवायचं? मी डोळे मिटून घेतले. झोपलेल्या माणसाला कोण रागावतं?

“अगं बाई, बघा की हो!” विहीणबाईंचा आवाज रडवेला झाला. “कसा घाम फुटलाय. कपाळावर घडी हाय. जवळ कोण म्हंजे कोण न्हाय!”

“म्हटलं न्हवतं मी? सारखं या म्हणतोय, सारखं माफी मागतोय, फोन उचलत न्हाय. जीव अडकलाय माणसाचा! माझ्यात अडकलाय!”

मी चादरीखाली थिजलो. काय म्हणाले? जीव अडकलाय?

कॉटची कड दबली. आप्पासाहेब माझ्याजवळ बसले आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. “सर, ऐकू येतंय न्हवं? मी आलोय. यात्रेचं काय घेऊन बसलासा! मीच गाढव. एवढ्याशा गोष्टीसाठी शिकल्यासवरल्या माणसासंगं तोंड फिरवून बसलो. मी माफ केलं, सर. मनापासनं माफ केलं. आता निवांत जावा.”

निवांत जावा! मंडळी, माझ्या छातीत असा काही ठोका पडला की खरंच गेलो असतो.

उठायला पाहिजे होतं, कबूल. पण विचार करा. ज्या माफीसाठी नीता जीव टाकत होती, ती माफी मिळाली होती. स्पष्ट शब्दांत, साक्षीदारासमोर! आता डोळे उघडले आणि ती परत घेतली तर? मी हिशेब करत पडून राहिलो.

“गंगेचं पाणी काढ,” आप्पासाहेब बायकोला म्हणाले.

येताना गडू घेऊन आले होते हो! माझ्या ओठांवर चमचा टेकला. पाणी तोंडात गेलं. मी गिळलं. न गिळून करतो काय?

“गिळलं गं बाई! अजून धुगधुगी हाय.”

“दुसरा चमचा घाल.”

दुसरा चमचा येतोय तोच दारात सौ. उभी. हातात ताज्या चटणीचा डबा.

“वैनी, लौकर या!” आप्पासाहेब हुंदका देऊन म्हणाले. “जरा हायत अजून.”

“जरा म्हणजे?” सौ. किंचाळली. “सकाळी दोन ताटल्या उप्पीट खाल्लंय त्यांनी!”

ती धावत कॉटपाशी आली, डबा माझ्या डोक्याशी ठेवला, आणि त्या तिखटाचा भपकारा थेट माझ्या नाकात. मी इतक्या जोरात शिंकलो की कपाळावरचं फडकं आप्पासाहेबांच्या मांडीवर जाऊन पडलं. विहीणबाईंच्या हातातला चमचा उडाला.

मी उठून बसलो. दुसरं काय करणार?

मग सगळं सांगितलं. तक्ता, चाहूल, कान बंद करायची ओळ. सांगताना मला ते फार सोपं वाटत होतं. समोर तिघांची तोंडं दगडासारखी.

आप्पासाहेबांनी फडकं उचलून शांतपणे घडी घातली. “म्हंजे गेल्या खेपंला लेकीकडनं सांगावा. ह्या खेपंला मशिनीकडनं. व्हय?”

मी मान डोलावली.

“आणि ती माफी मी मरणाऱ्या माणसाला दिलती, सर. जित्या माणसाचं काय करायचं, बघाय पायजे.”

गेलं! मिळालेलं सगळं गेलं. मी सौ.कडे बघितलं. ती आत गेली, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली, विहीणबाईंना कुंकू लावलं आणि आप्पासाहेबांना म्हणाली, “दादा, हे असेच आहेत. मी बोलावते. यात्रेला यायचं, मुक्कामाला यायचं, आणि आज जेवून जायचं.”

एवढंच. एका दमात!

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “वैनी, तुमी म्हंताय म्हंजे येणारच. ह्यात काय?”

जेवण झालं. ताज्या चटणीसोबत भाकरी खाऊन त्यांचा राग उतरला असावा, कारण मधूनच माझ्याकडे बघून ते खांदे हलवून हसायचे. नीताला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि यात्रेला यायचं बजावून सांगितलं. माझे डोळे भरून आले. आता हे चटणीने की कशाने, मला विचारू नका.

गाडीत बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान पुढे केला.

“सर, एक सांगतो, मनाला लावून घेऊ नकासा. पुढंमागं खरंच तुमची जायची वेळ आली, तर वैनीस्नी फोन करायला सांगा. तुमच्या नंबरावरनं मेसेज आला, तर मी काय उठून येणार न्हाय.”

गाडी गेली. मी फाटकात उभा. बघा म्हणजे, आता मला मरायचीसुद्धा चोरी!