विमानतळावर मांडलेला ठिय्या

माझी बायको विमानाला घाबरली, ही गोष्ट पिंपळवंडीत आणि तिच्या माहेरी शिनोलीत सगळ्यांना माहीत आहे. ती मीच सांगितली होती आणि ती खोटी आहे. ती आता नाही, त्यामुळे खरं काय झालं ते लिहायला मी एकटाच उरलो आहे.

नव्वदनंतरच्या दहा वर्षांत आमच्या भागात कांद्यासाठी, दुधासाठी, कालव्याच्या पाण्यासाठी रस्ता अडवायचा म्हटलं की लोक मला बोलवायचे. भाषण मला बरं जमायचं, पण माझं खरं काम पहिला बसण्याचं होतं. पहिल्या ट्रकसमोर मी फतकल मारायचो, मग मागचे बसायचे. तासाभरात साहेब यायचा, निवेदन घ्यायचा, आश्वासन द्यायचा. आम्ही उठून चहा प्यायला जायचो. मागण्या कधी मान्य व्हायच्या, कधी नाही, पण साहेब मात्र दरवेळी यायचा. एवढ्या अनुभवावर, गाऱ्हाणं मांडायची हीच एक रीत आहे, अशी माझी समजूत झाली.

पुढे मुलगी लग्न होऊन आखातात गेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला, बाळंतपण ऑपरेशननं होईल म्हणाले. तेव्हा आईनंच तिकडं जायचं ठरलं. तिला एकटीला पाठवायला नको म्हणून मीही निघालो. मुलीचं फोनवर एकच म्हणणं होतं, "आई, ऑपरेशनच्या आधी पोच. मला इथं कोणी नाही." बायकोनं घरच्या म्हशीचं तूप कढवून स्टीलच्या डब्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं. मोठ्या बॅगेत सांडलं तर कपडे जातील, म्हणून डबा हातातल्या पिशवीत घेतला.

जीपनं माळशेज घाट उतरून आम्ही मुंबईला विमानतळावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. मोठ्या बॅगा दिल्या. तपासणीच्या जागी बायकांची रांग वेगळी होती, ती तिकडं गेली. पिशवी माझ्याकडं होती. यंत्रातून पिशवी बाहेर आली तशी तिथल्या जवानानं डबा काढून बाजूला ठेवला.

"घी नहीं जाएगा. लिक्विड है."

"पातळ कुठंय? गोठलेलं हाये," मी म्हणालो. फडकं सोडलं, झाकण काढलं आणि डबा त्याच्यासमोर पालथा धरला. थंडीचे दिवस होते, थेंबसुद्धा पडला नाही. मागचे दोघंतिघं हसले, जवानही हसला. आपण जिंकलो असं मला वाटलं.

तो म्हणाला, "चाचा, नियम है. वापस काउंटर पे जाओ, बड़े सामान में डलवा दो. टाइम है अभी."

हे वाक्य त्यानं म्हटलं होतं. मी ते ऐकलंही होतं. काउंटर हाकेच्या अंतरावर होता. पण मागं फिरायचं म्हणजे माघार घेतल्यासारखं वाटलं. मी डबा मांडीत घेतला आणि तिथंच फरशीवर बसलो.

"साहेबाला बोलवा," मी म्हणालो. मग मागं वळून रांगेला सांगितलं, "बसा राव खाली. पाच मिन्टं बसा. बघा साहेब कसा पळत येतो."

कोणी बसलं नाही. एक तरुण म्हणाला, "काका, उठा ना, आमची फ्लाइट जाईल." एका माणसानं मुलाचा हात धरून त्याला माझ्या बाजूनं पलीकडं नेलं. मागून कोणी तरी म्हणालं, "तूप खाऊनच टाका की इथं!" त्यावर मोठा हशा झाला. रस्त्यावर माझ्यामागं माणसं बसायची, कारण त्यांचाही कांदा पडून असायचा. इथं माझ्या डब्याशी कुणाला काही घेणं नव्हतं, आणि माझ्यामुळं अडत होते ते हेच लोक. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

साहेब आला. त्याच्याबरोबर बंदुका घेतलेले दोन जवान होते. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि बाजूच्या खोलीत नेलं. नाव, गाव, कशासाठी बसलात, कोणी बसायला सांगितलं, सगळं विचारलं. बोलणं कडक होतं, पण मारहाण कोणी केली नाही. एवढ्यात बायको तिची तपासणी संपवून पलीकडं गेली होती. विमान कंपनीची एक मुलगी तिला माझ्याकडं घेऊन आली. मुलगी मराठीच होती.

ती म्हणाली, "काकांना वेळ लागेल. काकू, तुम्ही चला. पलीकडं उतरल्यावर कोणी न्यायला येणार आहे ना?"

"जावई येणारेत," बायको म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "मी जाऊ का पुढं? पोरगी वाट बघती. तुमी उद्या या."

मी म्हणालो, "आंदोलनात फुटायचं नसतं."

ती पाच-सहा महिन्यांपासून या प्रवासाची तयारी करत होती. आमच्या रस्त्यावरच्या कुठल्याच बैठकीला ती कधी आली नव्हती. तरी मी तिला फुटीर ठरवलं. ती भिंतीकडच्या बाकावर बसली. कंपनीची मुलगी थोडा वेळ थांबली, घड्याळ बघून गेली. विमान गेलं. पुन्हा असं करणार नाही असं मी लिहून दिलं आणि त्यांनी मला सोडलं. डबाही परत दिला.

बाहेरच्या बूथवरून मी मुलीला फोन लावला. फोन जावयांनी घेतला. त्यांना काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "हिला आत गेल्यावर गरगरलं. विमानाची भीती बसली. परत निघालोय." बायको हातभर अंतरावर उभी होती.

गावात हेच सांगितलं. डेअरीवर लोक विचारायला लागले तेव्हा त्यात भर घातली, "विमान बघितलं आन् हिनं पायच गाळले." लोक हसले. "वहिनी, एसटीनंच जायचं व्हतं की!" असं कोणी कोणी तिला तोंडावरही म्हणायचं. तिनं कधी खुलासा केला नाही.

त्याच आठवड्यात मुलीचं ऑपरेशन झालं. जावयांना एकच दिवस सुट्टी मिळाली. बाळाला पहिली अंघोळ शेजारच्या केरळी बाईंनी घातली.

दोन महिन्यांनी पुन्हा तिकिटं काढली. तूप मोठ्या बॅगेत गेलं, नीट पोचलं. या वेळी बायकोच्या रांगेत यंत्राची शिट्टी वाजली. तिथली जवान बाई म्हणाली, "मंगलसूत्र उतारो, ट्रे में डालो." मी पलीकडून बघत होतो. सवयीनं पुढं सरसावलोही. पण बायको बाजूला सरकली होती, मागच्या बायकांना वाट करून दिली होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "ताई, चारचौघांत हे काढायला लावू नका. पडद्याच्या आत घ्या, हातानं काय बघायचं ते बघा. जमत नसंल तर तुमच्या वरच्या बाईंना बोलवा. मी थांबते हितं." त्या बाईनं तिच्याकडं पाहिलं, पडदा सरकवला आणि तिला आत घेतलं. मिनिटभरात ती बाहेर आली. मंगळसूत्र गळ्यातच होतं.

मी म्हणालो, "हे तुला कुणी शिकवलं?"

"मागच्या येळी काढायला लावलं व्हतं. सगळ्यांसमोर. म्या काढलं, ट्रेत टाकलं. म्हणलं, पोरीकडं पोचायला उशीर नको." मग म्हणाली, "तुमी तवा तूप घेऊन बसला व्हता."

तपासणीच्या नियमांवर लोक चिडतात, ते मला कळतं. नियम कधी आडमुठे असतात, राबवणारे कधी उद्धट असतात. पण तिथं अडवून उपयोग नाही. बाजूला व्हावं, दुसरी कोणती सोय आहे ते विचारावं, वरच्या माणसाला बोलवायला सांगावं, नेमकी एकच गोष्ट मागावी. ती मिळाली नाही तर आधी विमान गाठावं आणि मग सावकाश, लेखी भांडावं. हे सगळं तिनं एकदाच अनुभव घेऊन ओळखलं. मी दहा वर्षं आंदोलनं केली होती.

तिकडं पोचल्यावर मुलीनं बाळ आईच्या मांडीवर दिलं. तिसऱ्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "आई, भीती सगळ्यांनाच वाटते गं. पण त्या दिवशी तू यायला पाहिजे होतंस." जावई खाली मान घालून जेवत होते. बायकोनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "चुकलं माझं," म्हणाली आणि मुलीच्या भातावर तूप वाढलं. मी जेवत राहिलो.

जावयासमोर मला खाली बघायला लागू नये म्हणून तिनं ते अंगावर घेतलं, असं मी धरून चाललो. तिला विचारलं कधीच नाही.

गेल्या वर्षी मुलगी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आबा, मला आता सांगून काय करू मी? ज्यांना तेव्हा सांगितलंत, त्यांना सांगा."

बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला आलेला माझा मेहुणा आणि त्याच्याबरोबरचे तिघंचौघं हॉटेलात बसले होते. मी तिथं विषय काढला. तूप, फरशी, बंदुकीवाले जवान, खोली, तिचं विचारणं, माझं उत्तर, काही गाळलं नाही. ऐकून मेहुण्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दाजी, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमच्या अक्काला भीती वाटली असंल, त्यात लाजायचं काय? ती गेली म्हणून तुमी सगळं आपल्या अंगावर घेताय. लई मोठं मन हाये तुमचं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानं माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मी पुन्हा सांगायला लागलो, तर ते ऐकून घेत होते ते मला बरं वाटावं म्हणून.