शामरावांचा ठोकळा

ऑफिसात कुणी वेबसाइटच्या एका पानावरचा मजकूर उचलून दुसऱ्या पानावर चिकटवला, की शामराव खुर्चीमागे येऊन उभे राहत. "काय ताई, डकवलं व्हय? डकवा, डकवा. उद्या निस्तरायला मी हायच की!"

मंगळवार पेठेतल्या आमच्या शिक्षण संस्थेची वेबसाइट ते सांभाळत. मी ग्रंथपाल, पानांचा मजकूर लिहून देत असे. पूर्वी प्रत्येक शाळेच्या पानावर ऑफिसची वेळ वेगळी टाइप केलेली असे. एका उन्हाळ्यात वेळ बदलली आणि गारगोटीच्या शाळेचे पान तेवढे बदलायचे राहिले. ते वाचून एक शेतकरी मुलीला घेऊन तिच्या दाखल्यासाठी भर दुपारी आमच्या ऑफिसवर आला, तर फाटकाला कुलूप. शामराव निघालेच होते. "पावणं, आत या," म्हणत त्यांनी कुलूप काढले, चहा पाजला, दाखला दिला. पण त्या मुलीचा उन्हाने लाल झालेला चेहरा त्यांच्या मनातून गेला नाही.

मग त्यांनी ठोकळा केला. पत्ता, वेळ, फोन एकदाच लिहायचे आणि तोच तुकडा सगळ्या पानांच्या तळाशी बसवायचा. "एका जागी बदला, समदीकडं बदलतंय." एखाद्या पानापुरता तो सुटा करता येत असे, म्हणजे मूळ बदलले तरी तिथला बदलत नसे; पण ते करू देत नसत. "सुटा केला की पोरका झाला. त्येची खबर कोण घेत न्हाय."

ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही म्हणून ठोकळ्यात त्यांनी स्वतःचे नाव आणि मोबाइल नंबर घातला होता.

दिवाळीच्या आधी ते हृदयविकाराने गेले. नाव-नंबर बदलायला सेक्रेटरींनी मला सांगितले. आधी त्यांच्या पत्नीला, वहिनींना, सांगावे म्हणून मी घरी गेले. आम्ही बसलो असतानाच शामरावांचा मोबाइल वाजला.

"शामराव हायत का?"

"न्हाईत. बोला की, काय पायजे?" वहिनींनी शांतपणे ऑफिसची वेळ सांगितली आणि फोन पदराने पुसून ठेवला.

"तुम्हाला त्रास होतो. नंबर काढते," मी म्हणाले.

"समदीकडनं?"

"ठोकळा एकच आहे, वहिनी."

वहिनींनी फोन पुन्हा हातात घेतला. "घरात आता कोण त्येंचं नाव काढत न्हाय. मी रडीन म्हणून पोरंबी टाळत्यात. ह्यो फोन तेवढा नाव घेतोय."

दुसऱ्या दिवशी मी गारगोटीच्या शाळेचे पान उघडले आणि तिथला ठोकळा सुटा केला. त्यानंतर मूळ ठोकळ्यातले नाव-नंबर बदलले. बाकीच्या सगळ्या पानांवरून शामराव एकदम गेले. त्यांनीच तशी सोय करून ठेवली होती.

उन्हाळ्यात ऑफिसची वेळ बदलते. मूळ ठोकळा बदलून झाला, की गारगोटीचे पान मी वेगळे उघडते आणि तिथली वेळ हाताने बदलते. वरचे नाव-नंबर तसेच ठेवते.