हिरव्या चौकोनातलं घर

आमच्या ऑफिसात टेपवाले म्हणजे एकच. सव्वीस वर्षं डोंगरउतारावरच्या घळी मोजतायत. घळीच्या कडेपासून थोड्या अंतरावर लोखंडी खुंटी ठोकायची आणि दर वर्षी टेप लावून बघायचं, माती ढासळत कड खुंटीच्या किती जवळ आली ते. गुडघे पार कामातून गेलेत, पण आकडा कधी अंदाजानं लिहिला नाही. मी पंख्याखाली बसून कॉम्प्युटरवर नकाशे रंगवते. लाल म्हणजे जमीन ढासळायचा धोका, हिरवं म्हणजे निवांत. कौतुक अर्थातच माझं होतं.

परवा ते धापा टाकत जिना चढून आले. "पोरी, माझ्या बहिणीचं घर हिरव्यात दाखवलंयस तू."

मी बघितलं. नकाशातला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे तीस मीटर, आणि घळ जेमतेम चार मीटर रुंद. सरासरीत ती गडपच झाली होती. तिची कड मात्र स्वयंपाकघरापासून तीन पावलांवर आलेली.

"मग ताईंना सांगा ना निघायला."

"दहादा सांगून झालं. म्हणते, दादा, तुझ्याच ऑफिसचा नकाशा आहे, मला कसली भीती? भिंतीवर लावलाय तिनं. मीच नेऊन दिला होता, मोठ्या हौसेनं."

साहेबांकडे गेलो. मंजूर नकाशाला हात लावायचा नाही, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कॉम्प्युटरात उताराचा आकडा वाढवून टाकते. चौकोन लाल होईल, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"खोटा आकडा नको," ते दमून म्हणाले. "खरा आहे की आपल्याकडे. तुझ्या चौकोनात मावत नाही, एवढंच."

दुपारी आम्ही दोघं बहिणीकडे गेलो. टेपवाल्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला, लाल पेनानं तो एक चौकोन भरला. खाली यंदाचं माप, तारीख, सही.

बहिणीनं चष्मा लावून पाहिलं. "हे ऑफिसचं आहे की तुझं?"

"ऑफिसचंच," टेपवाले म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

"मग आधीच आणायचं नाही का रे? नुसतं तुझं ऐकून कसं घर सोडणार?" असं म्हणत ती फळीवरचे डबे खाली काढायला लागली.

टेपवाल्यांनी पेन मिटायला घेतलं. पेनाचं टोपण हातातच होतं, तरी बराच वेळ टेबलावर शोधत राहिले.