दुसरीच्या आवाजातली पंकजा

पंकजा दोन वर्षं माझ्या वर्गात होती, पण मी तिला नीट पाहिलं ते तिने शाळा सोडल्यावर, १९८१च्या जानेवारीत, कॉफीपूड दळून देणाऱ्या दुकानाच्या भिंतीवर. नव्या वर्षाचं कॅलेंडर होतं. जांभळी रेशमी साडी, केसांत अबोली, मान किंचित वळवलेली. आपण आत्ताच दारातून आत आलो आहोत आणि ही काहीतरी विचारणार आहे, असं वाटायचं.

दुकानदार म्हणाला, "टीचर, तुमचीच विद्यार्थिनी. यंदा लोक पूड पाव किलो घेतात आणि कॅलेंडरं दोन मागतात."

वर्गात ती धडा वाचायला उभी राहिली की मुली तोंडावर वही धरून हसत. आवाज जाड होता, घोगरा, थेट वडिलांवर गेलेला. म्हणून ती गप्पच असायची, आणि गप्प मुली शिक्षकांच्या नजरेतून सुटतात. फोटोला आवाज लागत नाही. पुढे साडीची दुकानं, कुंकवाच्या डब्या, न्हाव्याचा आरसा, सगळीकडे तीच दिसू लागली. स्टुडिओवाला स्वामीनाथ म्हणायचा, "बाकीच्यांना हसा म्हणून सांगावं लागतं. हिला पुरे म्हणावं लागतं."

तमिळनाडूत, कुंभकोणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरांत कुजबुज सुरू झाली. तिची आई वेंकटलक्ष्मीबाई मात्र ठणकावून सांगायची, "अंगभर साडी आहे. तुमच्या मुलींचा फोटो कोणी काढेना, त्याला मी काय करू?"

१९८४ साली पंकजा मद्रासला जाऊन सिनेमात आली. पहिल्याच सिनेमाचं पोस्टर सारंगपाणीच्या देवळाच्या वाटेवर लागलं: पावसात भिजून नाचणारी पंकजा. दर्शनाला निघालेली आई अर्ध्या वाटेवरून परत फिरली. त्या दिवसापासून ती मुलीशी बोलेना. पंकजा सणाला घरी येई, आई तिला प्रेमाने वाढी, पण बोलणं माझ्यामार्फत; मी तोवर त्यांच्या शेजारी राहायला आले होते. "टीचर, तिला सांगा, रसम निवतंय." पंकजा समोरच बसलेली असे.

वेंकटलक्ष्मीबाई थिएटरात कधी गेल्या नाहीत. पण रविवारी दुपारी रेडिओवर एखाद्या सिनेमाचा नुसता आवाज ऐकवत, गाणी आणि संवाद तासाभरात बसवून. तो त्या चुकवत नसत. १९८६च्या नवरात्रात असंच आम्ही तिघी फुलं गुंफत ऐकत होतो. सिनेमातली मुलगी आईची माफी मागत होती, इतक्या गोड, कापऱ्या आवाजात की बाईंनी डोळे पुसले.

"टीचर, कोण हो ही?"

"मीच ती, अम्मा," पंकजा म्हणाली.

"हट्. तू नव्हे. तुझा आवाज मला ठाऊक नाही काय?"

"चेहरा माझा. बोलणारी दुसरी. माझा आवाज नायिकेला शोभत नाही म्हणतात."

बाईंचा हात थांबला. मुलीशी त्या दोन वर्षांनी थेट बोलत होत्या, आणि ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मग माफी मागितली ती कोणी?"

"कोणीच नाही. आणि मी मागणारही नाही, अम्मा. नाचले, त्यात काही वाईट केलं नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "टीचर, तिला सांगा, दोरा संपला."

बस स्टँडवर निघताना पंकजा मला म्हणाली, "पोस्टरवरची मी तिने पाहिली. रेडिओवर ऐकली ती दुसरीच. मग माझं असं तिच्यापर्यंत काय पोचलं?" मद्रासला परतल्यावर ती प्रत्येक दिग्दर्शकाला सांगू लागली, की मीच बोलणार. ते हसत. पडद्यावर ती नायिकेची मैत्रीण झाली, मग गर्दीतली बाई, मग कामंच थांबली. तरी तिने हट्ट सोडला नाही.

१९९२ साली एका नव्या दिग्दर्शकाने तिला खाणावळवालीचं काम दिलं. प्रसंग दोनच, पण आवाज तिचा. पुढच्या वर्षी तो सिनेमा रेडिओवर लागला. त्या रविवारी पंकजा घरीच होती आणि आधी काही बोलली नाही. फुकट जेवून वर नावं ठेवणाऱ्या मुकादमावर खाणावळवाली कडाडली, "ताट उचल आणि चालता हो! पुन्हा आलास तर पाणीसुद्धा मिळणार नाही!"

बाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "अगो, हे तुझे आप्पा ओरडतायत की काय?"

"आप्पा नव्हे."

"कळलं गे मला." त्या हसत होत्या, थांबेनाच. "मलाही अशीच ओरडायचीस. दिसतेस कशी यात?"

"केस पिकवलेत. म्हातारी."

"बरं झालं. पंकजा, पान मांडते, ऊठ."

माफीचा विषय पुढे कोणी काढला नाही. सहा वर्षांनी बाई गेल्या तेव्हा पंकजा त्यांच्याजवळ होती.

पंकजा आता पुन्हा कुंभकोणातच राहते, पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत, आणि आठवड्यातून दोनदा बसने तिरुप्पनंदाळला जाऊन शाळेतल्या मुलांची नाटकं बसवते.