पिवळ्या तांदळाचा रस्ता

भरवेलीची खाण मागे टाकून बैहरच्या घाटाकडे निघालं की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. इथून घाटावरच्या टोल्यांपर्यंत, म्हणजे वस्त्यांपर्यंत, कुणाचंही लग्न असो, आमंत्रणाचे पिवळे तांदूळ घेऊन निघणार ते प्रेमलालकाकाच. आता मोबाईलवर पत्रिका येते, तिच्यात नवरा-नवरी हारासकट गोल गोल फिरतात, पण ती पाहून कुणी जेवायला जात नाही. हळदीत घोळलेले तांदूळ हातात पडले की मात्र जावंच लागतं. नाही गेलं तर पुढच्या पिढीपर्यंत भांडण.

काका हे काम सायकलवर करतात. सायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची. चेनचं कव्हर जंगलात कुठेतरी गळून पडलं, तेव्हापासून उजवा पायजमा सुतळीने बांधलेला असतो. डांबरी रस्ता त्यांना आवडत नाही. "ट्रकवाले बकरीले हॉर्न देते, आपल्याले तेवढंही न्हाई," म्हणतात. म्हणून सागाबांबूतले मुरमाचे रस्ते, लाकूड ओढायच्या जुन्या वाटा, नाल्यातले गोटे, असं त्यांचं चालतं. चढावर सायकल ढकलायची आणि उतारावर मारुतीचं नाव घ्यायचं, कारण ब्रेक नाहीत. मारुतीला हे काम पत्करतोस का, असं कुणी विचारलेलं नाही. तरी तो बिचारा आजवर सांभाळत आला.

काकांची बायको दुर्गाबाई सायकलीला सवत म्हणते. "सकाळी उठून मले पाहत न्हाई हा मानूस, तिले तेल देते!" सवतीने उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा कायदा. म्हणून सायकल झोपते गोठ्यात, बैलाशेजारी.

काकांचा अभिमान एकच. त्यांनी तांदूळ दिलेला माणूस उपाशी परतला, असं कधी झालं नाही. एखाद्या लग्नात भात कमी पडला तर ते शेजारपाजारच्या घरांतून मागून आणतात. "तांदूळ मी देल्लो, आता त्याचं जेवन माह्या मानेवर," हे त्यांचं म्हणणं. यजमानाची मान मोकळी!

घाटावर बालाघाटच्या वीरेंद्रने रिसॉर्ट काढलं आहे. मोहफुलं पडायच्या दिवसांत तो काकांना शोधत आला. नागपूर-जबलपूरकडचे लोक जाड टायरच्या सायकली घेऊन येणार होते, आणि त्यांना डांबर नको होतं.

"काका, कच्चा रास्ता चाहिए. जंगल, पहाड़, मुरूम, सब."

"डांबर असून मुरमावून काहून जाते?"

"मज़ा आता है उनको."

काका विचारात पडले. "म्हंजे माह्यी जलमभर मजाच होऊन राह्यली? मलेच मालूम न्हाई."

काकांनी रस्ता दाखवला. तो अर्थातच नेवत्याचा, आमंत्रणं द्यायचा रस्ता होता. सरळ घाट चढायचं सोडून तो एका टेकडीला उगाच वळसा घालत होता, कारण पलीकडच्या टोल्यावरची गोदाबाई चहात आलं घालते. वीरेंद्रला तो वळसा फार आवडला. "क्या टेक्निकल सेक्शन है!" म्हणाला. मग त्याने काकांना आणखी एक काम सांगितलं. वाटेतल्या घरोघरी सांगून ठेवायचं की रविवारी सायकली येतील, कुत्री बांधून ठेवा.

घोळ झाला तो इथे. रिकाम्या हाताने कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहायचं काकांना जमेना. त्यांनी मूठभर तांदूळ हळदीत घोळले, नेहमीसारखे आधी मारुतीपुढे ठेवले आणि पिशवी लटकवून निघाले. घरोघरी दोन दाणे हातावर टाकून म्हणायचे, "येत्या रविवारी वीरेंद्रभाऊच्या तिथी सायकली येऊन राह्यल्या. कुत्रे बांधून ठेवजा." लोकांनी तांदूळ कपाळाला लावले. रविवार ऐकला, वीरेंद्रभाऊंचं ठिकाण ऐकलं. कुत्र्यांचं कुणी ऐकलंच नाही.

रविवारी मी आणि दुर्गाबाई सायकली पाहायला रिसॉर्टवर गेलो. सायकली यायच्या आधी ट्रॅक्टर आले. ट्रॉलीतून बाया उतरल्या, नव्या साड्या, डोक्यात अबोली. गोदाबाईच्या काखेत आहेराचा गुंड, पाणी भरायचा, स्टीलचा. फकिरा तर गळ्यात डफडं अडकवूनच आला. "लगन आहे म्हटलं, त वाजवाच लागन," म्हणाला आणि सुरूही झाला.

वीरेंद्रकडे होती केळी, खजूर आणि पाण्यात घोळायची कसलीशी गुलाबी पावडर.

"काका, ये सब कौन हैं?"

काकांनी गर्दीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पिशवीकडे. तोंड उतरलं. "माहे पाहुने आहेत," एवढंच म्हणाले.

"तो बोल दो ना, गलती हो गई. घर जाएँ."

"देल्ले तांदूळ वापस घेता येत न्हाई, बापा." आणि काका सायकलीजवळ मातीतच बसले. टोलेच्या टोले त्यांच्या तांदळावर आले होते आणि त्यांच्याच तांदळावर उपाशी परतणार होते.

दुर्गाबाईने पदर खोचला. "जलमभर लोकाईच्या घरी जेवत गेले, आज लोक आले त मुंडकं खाली? उठा! लोक काय रिकाम्या हातानं आले का?"

खरंच होतं. आमच्याकडे लग्नाला येणारं माणूस शिधा आणतंच. कुणी तांदूळ, कुणी तुरीची डाळ, कुणी वांगी. तिने ट्रॉलीतली गाठोडी सोडवली, वीरेंद्रच्या आचाऱ्याला बाजूला केलं आणि त्याची सगळ्यात मोठी गंजं चुलीवर चढवली. मला वांगी चिरायला बसवलं. तेवढ्यात सायकलवाले पोचले, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. कुत्री मोकळीच होती ना! चावलं कुणालाच नाही, पण चढावरही कुणी उतरून सायकल ढकलली नाही म्हणे. भाताचा वास आला तसे ते केळी टाकून चुलीभोवती उभे राहिले.

भात उतरला, पण पंगत बसेना. गोदाबाई काठी टेकून मधोमध उभी.

"लगन न लागता कोन जेवते वं? नवरा-नवरी कुठी आहे? मी आहेर कोनाले देऊ?"

काका परत खाली बसायच्या बेतात होते. दुर्गाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग झाडाला टेकलेल्या सायकलीकडे.

"हा पाहा नवरदेव," ती म्हणाली. "आन् ते उभी नवरी. इतके वरीस बिनलगनाची फिरवली इले, माह्या तोंडापुढून! आज लावून टाका."

"काही काय बोलतेस, लोकाईत!" काका ओरडले.

"लोकाईनंच पाह्यलं पाह्यजे. फकिरा, वाजव!"

काकांना नवा दुपट्टा आला, हँडलला साडी आली. मंगलाष्टकं कुणाला येईनात, म्हणून मीच म्हटली. देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली, पण हसूही आवरत नव्हतं. तोही हसला असावा. 'सावधान' म्हटल्यावर काका खरोखर दचकले. अक्षता त्यांच्याच पिशवीतल्या उरलेल्या. नागपूरची मयुरी नावाची एक सायकलवाली मुलगी नवरीची बहीण म्हणून मागे उभी राहिली आणि काकांचे जोडे लपवून मोकळी झाली.

मग पंगत बसली. काका अनवाणी फिरून एकेकाला "भात घ्या, अजून घ्या" करत होते. गोदाबाईने दोनदा मागून घेतला, तेव्हा कुठे ते जेवायला बसले. निघताना तिने गुंड दुर्गाबाईच्या हातात दिला. "नवरी काही पानी भरत न्हाई. तूच ठेव माय."

दिवे लागायच्या वेळेला घरी आलो. काका सवयीने सायकल गोठ्याकडे वळवू लागले.

"तिकडं कुठी?" दुर्गाबाई दारात उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं.

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पुढचं चाक हळूच उचलून मापाला लावलं. तांदूळ घरात सांडले.

"थांबा," ती म्हणाली, "आधी चेन पुसा तिची. माह्या घरात तेलाचे डाग न्हाई पाह्यजे."