तरंगलेलं बी, बुडालेल्या बाई

आठवीला ‘पीक उत्पादन’ हा धडा मी गेली नऊ वर्षं शिकवते आहे आणि आमच्याच शेतात एकटीनं पाऊल टाकायला मला मनाई आहे.

माझं माहेर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. (आमची शेती म्हणजे कुंडीतली तुळस. तीही दोनदा वाळली!) लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले आणि ओतूरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. गेल्या वर्षी मला हुक्की आली, की हा धडा वर्गात नाही, थेट बांधावर शिकवायचा!

घरी तेव्हा कांद्याचं रोप टाकायची घाई होती. बी घरचं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, निवडक कांदे लावून, त्यांची बोंडं वाळवून, चोळून, पाखडून डब्यात जपलेलं.

“आत्या, यंदा एक वाफा मी करते. शास्त्रशुद्ध!”

“कर बाई. पण बी इकतचं न्हाई, ध्यानात ठेव.” असं म्हणून त्यांनी अर्धा डबा माझ्या ओटीत घातला आणि भाचीच्या लग्नाला गेल्या.

तत्त्व पहिलं: बियाण्याची निवड. पोकळ बी पाण्यावर तरंगतं, भरीव तळाशी बसतं. मी घमेल्यात पाणी घेऊन बी ओतलं आणि बघते तर काय, जवळजवळ सगळंच वर! बुडालं ते जेमतेम मूठभर.

“अहो, आत्यांचं बी पोकळ निघालं हो!”

“आईला फोन तरी कर आधी,” नवरा म्हणाला.

“पुस्तकात स्पष्ट दिलंय!” मी म्हणाले आणि ते तरंगणारं बी मागच्या मोरीच्या कडेला, शेणखताच्या मऊ मातीवर भिरकावून दिलं.

तत्त्व दुसरं: बी उघडं राहिलं तर पाखरं खातात. म्हणून उरलेलं मूठभर बी मी चांगलं चार बोटं खोल घातलं. (पाखरांची काय बिशाद!) वर तुडुंब पाणी सोडलं आणि ‘प्रयोग वाफा’ अशी पाटी ठोकली.

बारा दिवसांनी आठवीच्या तीस मुली वह्या घेऊन बांधावर हजर. वाफा गुळगुळीत! एक हिरवी काडी नाही.

“बाई, रोप कुठंय?”

“अंकुरण ही सावकाश चालणारी क्रिया आहे.”

“आमच्यात तर आठ दिसांत उगवतं!”

शेतकऱ्यांच्या मुलींना शेती शिकवायला धाडस लागतं. माझ्याकडे फक्त तेवढंच होतं.

तेवढ्यात घरामागून, त्याच सकाळी लग्नाहून परतलेल्या आत्यांचा आवाज आला, “अगं ए, मोरीपाशी रोप कुणी टाकलंय? लई झ्याक उगवलंय!”

तीसच्या तीस मुली मला सोडून तिकडं पळाल्या. मागून मी, पाय ओढत. मोरीकडेला हिरवंगार, दाट कांद्याचं रोप डुलत होतं. मी खालमानेनं सगळं सांगून टाकलं.

“आगं, कोरडं बी व्हतं ते! हलवायचं, भिजायला येळ द्यायचा, मग बुडतं. लगीच कसं बुडंल? आन् बुडालेलं कुठंय?”

“चार बोटं खाली.”

“पेरलंस का पुरलंस?”

मुली खो खो हसल्या. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराची त्यांची मेहनत मी मोरीत फेकली होती. आत्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पदर खोचला आणि खाली बसल्या. “रडू नगं. बी वाचलंय ना? या गं पोरींनो, दाटी झालीय तिथलं अलगद उपटा.” तासाभरात बी, खोली, पाणी, विरळणी, सगळा धडा झाला. वह्या भरल्या. माझी पाटी कुणी वाचलीसुद्धा नाही.

ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत गेली. त्यांनी पुढच्या महिन्यात आत्यांना पाहुण्या म्हणून शाळेत बोलावलं. आत्या फळ्यापाशी उभ्या, मी शेवटच्या बाकावर.

“सांगा, कांद्याला खत कवा घालायचं?” आत्यांनी विचारलं.

मी उत्साहानं हात वर केला.

“तू हात खाली घे गं. ज्यांना येतंय त्यांनाच इचारतेय मी!”